राबाच्या मातीत वाळवंटाचं झाड

९ मे. आज राब भाजायचा होता.

पाचला उठून भाकऱ्या टाकल्या, सुकटीची चटणी केली, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि सातच्या आत आम्ही खाचरावर पोहोचलो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो तुकडा पेरणीआधी भाजून काढायचा, याला आमच्याकडे राब म्हणतात. खाली शेण, त्यावर वाळलेल्या फांद्यांचा टाहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. पेटवायचं वाऱ्याच्या उलट बाजूने. मग जाळ भडकत नाही, आग धुमसत पुढे सरकते. तण मरतं, किडे मरतात, माती काळी आणि भुसभुशीत होते. आता पुष्कळ जण हे सोडून गादीवाफ्यावर रोप करतात. आमच्या घरात अजून राबच. मी आरोग्यसेविका आहे, धुराने छातीचं काय होतं ते दिवसभर लोकांना सांगते, आणि मेमध्ये स्वतः तोंडाला ओढणी बांधून उभी राहते.

पेटवायला आक्का आली होती. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ती धसईला एकटी राहते. घरातल्या मोठ्या माणसाने राबाला पहिली काडी लावायची असा आमचा रिवाज आहे, आणि सासू-सासरे गेल्यापासून मोठी तीच. गेल्या वर्षी जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे यंदा ती बांधावर खुर्ची टाकून बसली होती आणि तिथून हुकूम सोडत होती.

"तिकडं माती कमी पडली गो. जाळ वर येईल."

मी घमेलंभर माती टाकली. तिच्याकडे बघायचं मात्र टाळलं. या मातीने मी गेल्या वर्षी तिचं झाड मारलं. ते काही मुद्दाम नव्हतं. त्यानंतर जे केलं ते मुद्दाम होतं, आणि ते अजून तिला सांगितलं नव्हतं.

झाड अडेनियमचं होतं. हल्ली प्रत्येक नर्सरीत मिळतं, लोक गच्चीवर लावतात. पण आक्काचं झाड नर्सरीतलं नव्हतं. तिचा नवरा, आमचे दाजी, ओमानला ट्रक चालवायचे. तिथल्या कोरड्या डोंगरात हे झाड आपोआप उगवतं. एका सुट्टीला येताना त्यांनी त्याच्या दोन शेंगा आणल्या. "तिकडं ह्याला कोन लावत नाय, आपल्या कुड्यासारखं रानात असतं. शेंगापन कुड्यासारख्याच बघ," असं ते म्हणाल्याचं मला आठवतं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. बापलेकीने मिळून बिया पेरल्या. उगवल्या चार, जगली एक. निळा प्लास्टिकचा छोटा ड्रम अर्धा कापून त्यात ती वाढली. बुंधा सुरणाच्या गड्ड्यासारखा फुगला, वर तीन फांद्या, आणि फूल साधं पाच पाकळ्यांचं, फिकट गुलाबी, मध्ये पांढरं. दाजी वर्षातून एक महिना घरी असत. सहा वर्षांपूर्वी ते तिकडेच गेले, हृदयविकाराने. झाड राहिलं.

गेल्या वर्षी ऑपरेशन ठरलं तेव्हा आक्का चार-पाच महिने मुलीकडे राहणार होती. मुलगी तेव्हा कल्याणला भाड्याच्या खोलीत राहत होती, तिथे ऊन नाही. म्हणून मेच्या शेवटी आक्काने झाड माझ्याकडे दिलं. नवऱ्याने एसटीतून मुरबाडला आणि तिथून शहापूरला मांडीवर घेऊन आणलं.

"पावसात ठेवू नको," आक्काने बजावलं होतं. "पाणी मी सांगेन तवाच. पानं गळतील. गळू दे. त्याला काय करू नको."

तिचं शेवटचं वाक्य मला पाळता आलं नाही. काही न करणं मला जमत नाही. एकोणतीस वर्षं उपकेंद्रात काम केलं, ताप आला की गोळी, जखम झाली की पट्टी. समोर काहीतरी सुकत चाललंय आणि आपण बघत बसायचं, हे माझ्या हाडात नाही.

जुलैत पानं पिवळी पडली. पडवीत ऊन येत नव्हतं, हवा ओली. आठवड्यात झाड बोडकं झालं. ड्रममध्ये हात घालून पाहिलं तर आत वाळू आणि कौलाचे तुकडे, मातीचं नाव नाही. मला वाटलं, बिचारं उपाशी आहे. त्याच सुमारास लावणी चालली होती. राबातलं रोप उपटून झालं होतं आणि ती काळी भुसभुशीत माती तशीच मोकळी पडली होती. ज्या मातीवर आमच्या सगळ्या गावाचा भात उभा राहतो, त्या मातीत काहीही जगेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्या पट्ट्यात कुणालाच नसती. मी वाळू आणि कौलं काढून बाजूला गोणीत भरली, ड्रम राबाच्या मातीने भरला, वर दोन मुठी शेणखत टाकलं आणि रोज सकाळी एक लोटा पाणी सुरू केलं.

आक्का दर रविवारी फोन करायची.

"झाड कसं हाय?"

"बरं आहे. राबाची माती घातलीये त्याला."

"कशाला गो?"

"ताकद येईल."

"काढ ती माती. त्याला ताकद नको, कोरडं पायजे."

"बरं," मी म्हणाले. काढली नाही. लावणीचे दिवस, ड्यूटी, आणि खरं म्हणजे मला वाटलं, ही माती काढून पुन्हा कौलं भरायची हा वेडेपणा आहे. तिला झाडांमधलं काय कळतं, असंही मनात आलं असेल. वीस वर्षं तिने ते झाड जगवलं होतं आणि माझ्याकडे येऊन त्याला सहा आठवडे झाले होते, हा हिशेब तेव्हा सुचला नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी बुंध्याला बोट लावलं. बोट आत गेलं. पायाला सूज आलेल्या पेशंटच्या नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि तसाच राहतो, तसा खळगा पडला. वास येत होता. मी एक मिनिटही थांबले नाही. झाड उपटलं, उकिरड्यावर टाकलं, ड्रम धुतला, हात साबणाने धुतले कारण त्याचा चीक विषारी असतो, आणि ड्यूटीवर गेले. तेव्हा एक फांदी टणक होती. माझ्या हाताला ती लागली होती, हे मला अजून आठवतं.

त्या रविवारी फोन आला. झाड कसं हाय. बरं आहे.

नवरा समोरच बसला होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "सांगून टाक ना."

"आत्ता कुठे चालायला लागलीये ती. आता कशाला?"

"मग कवा?"

"बघू."

पेशंटला धक्का बसेल असं काही ऑपरेशननंतर सांगायचं नाही, हे कारण मी स्वतःला दिलं. ते चांगलं कारण होतं. दोन आठवडे पुरलं असतं. मी ते नऊ महिने वापरलं.

झाड टाकल्यावर अकरा दिवसांनी मी आटगावच्या पुढे हायवेवरच्या एका नर्सरीत गेले. तिथल्या माणसाला हाताने बुंध्याची जाडी दाखवली आणि म्हटलं, एवढं अडेनियम हवंय, फांद्या तीन.

"फांद्या मोजून झाड घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच, मॅडम," तो म्हणाला. मग जरा चौकशी केली, आधीचं काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्याने मान हलवली. "कुजलं तरी एखादी फांदी टणक असते ना. ती कापायची, आठवडाभर सावलीत सुकवायची, वाळूत खोचायची. येते. ती नाय ठेवली?"

"नाही."

"मग आता हेच घ्या."

मी घरी गेल्या गेल्या उकिरड्याकडे गेले. अकरा दिवसांचं शेण, उष्टं-खरकटं आणि पाऊस त्यावर पडला होता. काठीने उकरलं. जे हाताला लागलं ते फांदी म्हणण्यासारखं नव्हतं.

नवीन झाडाबद्दल नर्सरीवाल्याने एक गोष्ट बजावली होती, ते कलमी आहे, फूल डबल पाकळ्यांचं येईल. मी फक्त एवढं विचारलं की फूल कधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये, तो म्हणाला. मग चालेल, मी म्हणाले. गोणीतली वाळू आणि कौलाचे तुकडे काढले, ते नवं झाड जुन्या निळ्या ड्रममध्ये लावलं, तुकडे होते तसे वर रचले. या कामाला मला एक तास लागला.

दिवाळीला आक्का धसईला परत आली. मी झाड घेऊन गेले. ती पलंगावर बसली होती, गुडघ्याला पट्टा. ड्रम तिच्यापुढे ठेवला. तिने वाकून बुंध्यावरून हात फिरवला, खालून वर, मग पुन्हा खाली.

"बरं," ती म्हणाली. "ठेव तिथं उन्हात."

मग तिने मला चहा करायला सांगितला आणि चहात साखर कमी पडली म्हणून बोलली. मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा मला हलकं वाटत होतं. सुटले असं वाटलं. तेवढंच.

मार्चमध्ये नवरा कामासाठी धसईला जाऊन आला. जेवताना म्हणाला, "आक्काचं झाड फुललंय. लालभडक. गुलाबासारखं, पाकळ्यांत पाकळ्या."

"काही म्हणाली?"

"मना काय म्हनाली नाय. पन बाजारच्या बायांना सांगते, भावजयीने राबाची माती घातली म्हनून रंग बदलला."

पुढच्या आठवड्यात धसईच्या एका बाईचा मला फोन आला. तिने आक्काकडून नंबर घेतला होता. तिच्या पांढऱ्या जास्वंदीला लाल करायचं होतं, राबाची माती किती घालावी? मी तिला सांगितलं की जास्वंदीवर असं काही होत नाही. ती म्हणाली, "म्हंजे तुमाला सांगायचं नाय असं म्हना." मी फोन ठेवला. हसू आलं. मग बराच वेळ भांडी घासत राहिले, घासून झालेली सुद्धा.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण आक्काला खरंच रंग बदलल्यासारखं वाटत असेल, असं मानणं सोयीचं होतं. म्हातारी झाली, डोळे कमी झाले. ती माझ्यापेक्षा फक्त नऊ वर्षांनी मोठी आहे आणि सुईत दोरा माझ्याआधी ओवते.

आज दहाच्या सुमाराला राब निम्म्याहून जास्त पुढे सरकला होता. नवरा पलीकडच्या कडेला फावडं घेऊन उभा होता. आक्का आणि मी आईनाच्या झाडाच्या सावलीत भाकरी खायला बसलो. तिने चटणी बोटाने चाखली, तिखट कमी आहे म्हणाली, आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली,

"उद्या पोरगी येतेय टेम्पो घेऊन. बदलापूरला तिचं घर झालं नवं. झाड न्यायचंय तिला. दारात ठेवनार."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"बापाचं झाड म्हनून नेईल," आक्का म्हणाली. "काय सांगू तिला?"

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. बाजारात काकडी उचलताना बघतात तसं, आतून कशी आहे ते.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"आनलंस त्याच दिशी. माझ्या झाडाला शेळीनं शिंग मारलेलं, बुडाला खळगा होता. रोज अंघोळीच्या आधी मी त्यात बोट घालायची. तुझ्याला कुठं खळगा? त्याच्या फांदीला गोल सांधा हाय, चिकटवल्यासारखा."

"मग बोलल्या का नाही?"

"तू बोलशील म्हनून थांबले. दिवाळी गेली. वाटलं संक्रांतीला वाण घेऊन येईल, तवा सांगेल. तू तिळगूळ दिलास नि बीपी तपासून गेलीस." तिने पाण्याचा घोट घेतला. "मग फूल आलं. म्हनलं, आता तरी फोन करेल."

"आणि बायकांना ते राबाच्या मातीचं..."

"मग काय सांगायचं? माझ्या भावजयीने मना फसवली?"

मी सगळं सांगितलं: पिवळी पानं, राबाची माती, रोजचा लोटा, बोट आत गेलं ते, उकिरडा, नर्सरी. टणक फांदीचंही सांगितलं. ते गाळता आलं असतं. तिथे तिचा हात भाकरीवर थांबला.

"फांदी टणक होती?"

"एक होती."

"मना फोन केला असतास तर..." ती म्हणाली. तिने भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात गुंडाळून ठेवला.

मग म्हणाली, "झाड मरतं गो. माझ्या हातनंबी दोनदा मरायला टेकलेलं. त्याचं काय नाय. मी गिळलं ते. पन ती पोर बापाला वर्सातनं एक महिना बघायची. तिला वाटतं, हे आमी दोघांनी लावलेलं. तिला मी कसं खोटं देऊ? आनि खरं सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागतं. सांग, काय करू?"

ती सात महिने कशात अडकून बसली होती ते मला तेव्हा समजलं. मी समजत होते की तिला त्रास नको म्हणून मी गप्प आहे. माझं नाव राखायचं कामही मी तिच्यावरच टाकलं होतं, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासकट.

"मी सांगते तिला," मी म्हणाले. "आत्ता फोन करते."

"फोनवर नको. फोनवर तू नुसतं बरं आहे, बरं आहे म्हनतेस."

पलीकडून नवऱ्याने हाक मारली. एका कडेला जाळ वर आला होता. मी उठले, घमेलं उचललं, जाळावर माती टाकली. आक्काने खुर्चीतून सांगितलं की अजून दोन घमेली लागतील, आणि लागली. दुपारच्या गाडीने ती धसईला परत गेली. जाताना मला म्हणाली, "पोरीला सकाळी चहा लागतो, त्याच्या आधी कायबी सांगितलं तर डोक्यात घेत नाय." गाडी सुटल्यावर मी घरी येऊन धुराचे कपडे भिजत घातले. नवऱ्याला सांगितलं, उद्या दुपारपर्यंत राब तू बघ.

१० मे, रविवार. पहाटेची लोकल पकडून कल्याणला उतरले, गाडी बदलली आणि साडेसातला बदलापूरला भाचीच्या सोसायटीत पोहोचले. तळमजल्याचं घर, दाराबाहेर थोडी मोकळी जागा. तिथे विटांचा गुडघ्याएवढा चौथरा बांधून त्याला पांढरा रंग दिला होता. रंग ताजा होता, कुणी हात लावू नये म्हणून समोर वर्तमानपत्र पसरलं होतं. गेटपाशी टेम्पो उभा होता आणि जावई त्यात गोणपाटं अंथरत होता.

भाची केस बांधत बाहेर आली. मला पाहून थबकली.

"मामी? आईला काय झालं?"

"आई बरी आहे. तुझा चहा झाला का?"

"झाला आत्ताच. तुझा टाकते. अगं, तू पण येतेस का धसईला? बस ना आत."

"बसत नाही," मी म्हणाले. "टेम्पो थांबव आणि इथे ये. झाडाबद्दल सांगायचंय."

ती पायरीवर बसली. मी उभीच राहिले. जुलैपासून सुरुवात केली, आणि एकही महिना गाळला नाही.